बांबू : भारतातील लागवड, वापर व हक्क यांचा इतिहास

तृणकुलातील (ग्रॅमिनी वा पोएसी) काष्ठमय व बहुवर्षायू वनस्पतींचा एक मोठा गट. बांबूस मराठीत वेळू, कळक, संस्कृतमध्ये वंश, वेणू, हिंदीत बाँस, गुजरातीत वांस व कन्नडमध्ये बिदिरु अशी नावे आहेत. भारतात बांबूच्या सु. १३६ जाती नोंदविलेल्या असून त्यांपैकी सु. १२५ देशी आहेत. जातींच्या विविधतेत चीनच्या खालोखाल भारताचा क्रम लागतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील बांबूक्षेत्र सु. १·४९ लाख चौ. किमी. होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. भारतीय वनकायद्याने मात्र त्याची गणना दीर्घकाळ वृक्षांत केली. हा भेद केवळ शब्दांचा नव्हता. बांबू कोणी तोडावा, कोणी वाहून न्यावा व कोणत्या दराने विकावा, हे या गणनेवर अवलंबून राहिले. त्यामुळे भारतातील बांबूचा आर्थिक इतिहास हा बऱ्याच अंशी त्यावरील हक्कांचा इतिहास आहे.

जाती व वाढ : बांबूचा विस्तार मूलक्षोडापासून (जमिनीतील आडव्या खोडापासून) होतो. पावसाळ्यात त्यापासून कोंब फुटतात व काही महिन्यांतच ते पूर्ण उंची गाठतात. त्यानंतर कांडी जाडीने वा उंचीने वाढत नाही; ती फक्त पक्व व टणक होत जाते. म्हणून तोडीसाठी साधारणपणे तीन वर्षांवरील काठ्या निवडतात, कोवळ्या राखतात आणि पावसाळ्यात तोड बंद ठेवतात. याप्रमाणे तोड केल्यास एका बेटापासून अनेक वर्षे उत्पन्न मिळते. महाराष्ट्राच्या वनांत भरीव बांबू (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) व काटेरी कळक (बाम्बुसा बाम्बोस) या जाती महत्त्वाच्या आहेत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पानझडी वनांत बांबू विपुल आहे. कोकणात शेताच्या बांधावर व घराभोवती माणगा (डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी) हा बिनकाट्याचा, सरळ व बहुतांशी भरीव बांबू परंपरेने लावला जातो. लागवड बी, कंद वा खोडाचे तुकडे यांपासून करतात. अलीकडे ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपेही वापरात आहेत. बहुतेक जातींना बी फार क्वचित धरत असल्याने शेतकऱ्यांचा भर पूर्वीपासून कंदांवरच राहिला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील एका दानवर्णनात शंभर वेळूंचा उल्लेख येतो. मगधराज बिंबिसाराने राजगृह येथील वेणुवन बुद्धास अर्पण केल्याची बौद्ध परंपरा प्रसिद्ध आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात वनोत्पन्नाची व्यवस्था पाहणाऱ्या कुप्याध्यक्षाच्या प्रकरणात सारवृक्षांचा वर्ग वेगळा सांगितला असून वेणू, वंश, कंटक इ. प्रकारांचा वेणुवर्ग वेगळा केला आहे. म्हणजे राजाच्या कोठारात बांबूला स्थान होते. परंतु वृक्षांच्या यादीत तो नव्हता. आयुर्वेदात वंशलोचन या नावाने ज्ञात असलेला, बांबूच्या कांड्यांत साठणारा सिलिकायुक्त पदार्थ औषध म्हणून वापरला गेला. पुढे यूरोपीय शास्त्रज्ञांचेही लक्ष त्याकडे वेधले. १७९१ मध्ये जेम्स मेसी (पुढे स्मिथसन या नावाने प्रसिद्ध) याने त्याचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले आणि १८१९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने त्याच्या प्रकाशकीय गुणधर्मांचे वर्णन केले.

बांबूकामाची परंपरा महाराष्ट्रात बुरूड व कर्नाटकात मेदार या समाजांनी जोपासली. बाराव्या शतकातील शिवशरणांपैकी मेदार केतय्या हे याच व्यवसायातील होते. बुरूड कारागीर ओला बांबू चिरून त्याच्या कांबी व बेळ काढतात आणि त्यांपासून सूप, टोपली, दुरडी, रोवळी, परडी, करंडा, डालगे, तट्ट्या, कणगी इ. वस्तू विणतात. धान्य पाखडण्यापासून साठविण्यापर्यंतची शेतकऱ्याची कामे या वस्तूंवर चालत. कोकणातील इरले, घराचे कूड, बैलगाडीची तट्टी, कोळ्यांची मासे पकडण्याची साधने, इमारतीच्या बांधकामाची परांची, बासरी, पाडव्याची गुढी आणि अखेरची तिरडी अशा अनेक रूपांनी बांबू मराठी जीवनात आढळतो. कूळ व बांबू या दोहोंसही वंश हा एकच संस्कृत शब्द आहे. या सर्व वापरासाठी लागणारा बांबू गावालगतच्या वनातून वा बांधावरून मिळत असे.

फुलोरा व दुष्काळ : बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात. विस्तीर्ण प्रदेशातील बेटे एकाच वेळी फुलतात, बी गाळतात आणि वाळून जातात. हे चक्र जातीपरत्वे वेगवेगळे असून काही जातींत ते अनेक दशकांचे असते. वाळलेल्या बेटांमुळे वणव्याचा धोका वाढतो आणि नवी रोपे मोठी होईपर्यंत काही वर्षे त्या वनातून बांबू मिळत नाही. बांबूचे बी तांदळासारखे शिजवून खाता येत असल्याने फुलोरा कधी दुष्काळात आधारही ठरला. १८६४ मध्ये कानडा जिल्ह्यातील सुपा भागातील वनांत बांबू फुलला, तेव्हा बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतून सु. पन्नास हजार लोक बी गोळा करण्यास आल्याचा अंदाज तत्कालीन नोंदींत आहे. प्रत्येक टोळी दहा ते चौदा दिवस वनात राहून पावसाळ्याच्या महिन्यांपुरते बी घेऊन परतली.

ईशान्य भारतात मात्र याच्या उलट अनुभव आला. मिझोरामच्या टेकड्या मेलोकॅना बॅक्सिफेरा या बांबूने व्यापल्या आहेत. मिझो भाषेत त्यास माउताक म्हणतात. ही जाती सु. ४८ वर्षांनी फुलते. तिच्या मांसल फळांच्या विपुलतेमुळे उंदरांची संख्या अतोनात वाढते. फळे संपताच उंदीर शेतातील व कोठारातील धान्यावर तुटून पडतात. या आपत्तीस माउताम म्हणजे बांबूचा मृत्यू असे नाव आहे. १९११–१२ च्या माउतामची आठवण ठेवून मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम शासनास पूर्वसूचना दिली होती. परंतु ती गांभीर्याने घेतली गेली नाही. पुढील वर्षी दुष्काळ पडला. मदतकार्यासाठी स्थापन झालेल्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट या संघटनेचे रूपांतर १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट या राजकीय पक्षात झाले. १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला व १९८६ च्या करारापर्यंत संघर्ष चालू राहिला. या उठावास इतरही कारणे होती. तथापि जाणत्या लोकांनी दिलेल्या सूचनेची उपेक्षा हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २००६–०८ मध्ये बांबू पुन्हा फुलला. या वेळी शासनाने आधीच उपाययोजना केली, उंदीर मारण्यासाठी बक्षिसे दिली. तरीही पिकांची हानी मोठी झाली.

कागदनिर्मिती : ब्रिटिश वनअधिकारी आरंभी बांबूकडे सागाच्या वाढीस अडथळा आणणारे तण म्हणून पाहत. कागदाच्या मागणीमुळे ही दृष्टी पालटली. टॉमस रौटलेज या इंग्रज कागद-उत्पादकाने १८७५ मध्ये बांबूपासून कागद करण्याची कल्पना पुस्तिकेद्वारे मांडली. गँबल यांचा ब्रिटिश भारतातील बांबूंवरील ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला व जातींची शास्त्रीय ओळख सुलभ झाली. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत पिअर्सन यांनी कच्च्या मालाच्या उपलब्धतेचा अभ्यास केला. विल्यम रेट यांनी बांबू चिरडून तो सौम्य व तीव्र क्षारद्रावणांत टप्प्याटप्प्याने शिजविण्याची पद्धत विकसित केली. १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने बांबू-कागद उद्योग संरक्षण अधिनियम संमत करून आयात कागदावर सात वर्षांसाठी संरक्षक जकात बसविली. १९३२ मध्ये हे संरक्षण पुढे चालू ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर बांबू हा भारतीय कागदाचा प्रमुख कच्चा माल बनला. महाराष्ट्रात बल्लारपूर व कर्नाटकात दांडेली येथील गिरण्या बांबूवनांच्या सान्निध्यातच उभ्या राहिल्या. [→ कागद].

हक्कांचा प्रश्न : १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनांवर शासनाचे नियंत्रण दृढ केले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वृक्ष या संज्ञेत ताड-माड, वेत यांबरोबर बांबूचाही समावेश होता. त्यामुळे परवान्याविना बांबू तोडणे वा वाहून नेणे हा अपराध ठरू शकत असे. विदर्भात निस्तार हक्कांखाली ग्रामस्थांना व बुरूडांना काही बांबू सवलतीच्या दराने मिळे. तथापि हक्क आणि सवलत यांत मोठे अंतर होते. दुसऱ्या बाजूस कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीचे करार करून बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी दराने बांबू दिला गेला. ज्या वस्तूची किंमत नाममात्र, ती राखण्याची निकड गिरणीस वाटली नाही. एका भागातील बांबू संपताच तोड पुढील भागाकडे सरकत गेली. टोपल्या विणणाऱ्यास मात्र तोच बांबू महाग दराने वा चोरून मिळवावा लागे.

उत्तर कानडा जिल्ह्यात बांबू का घटत आहे, याचा अभ्यास १९७०–८० या दशकात माधव गाडगीळ व एस. नरेंद्र प्रसाद यांनी केला. वनविभाग गुरांच्या चराईस व ग्रामस्थांच्या तोडीस दोष देत असे. ग्रामस्थांचे म्हणणे वेगळे होते. बेटाच्या बुडाशी असलेल्या काटेरी फांद्यांचे जाळे वाढीस अडथळा आणते असे मानून तोडीच्या वेळी ते साफ केले जात असे. या काट्यांमुळेच नव्या कोंबांचे गुरे, वानरे व साळिंदर यांपासून रक्षण होते; काटे काढल्याने कोंब खाल्ले जातात व बेट खुरटते, असे ग्रामस्थ सांगत. प्रत्यक्ष निरीक्षणांती ग्रामस्थांचे म्हणणे खरे ठरले. बांबूच्या व्यवस्थापनात स्थानिक अनुभवाचे मोल दाखविणारा हा अभ्यास पुढे वनधोरणावरील चर्चेत वारंवार उल्लेखिला गेला.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. त्यात गौण वनोत्पन्नाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला आणि त्यावरील मालकी वननिवासी समाजांकडे दिली गेली. त्यामुळे १९२७ च्या कायद्यात वृक्ष व २००६ च्या कायद्यात गौण वनोत्पन्न असे बांबूचे दुहेरी स्थान निर्माण झाले. हा पेच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावी कसोटीला लागला. या गावाची ग्रामसभा १९८० नंतरच्या काळापासून सर्वसंमतीने कारभार चालविण्यासाठी प्रसिद्ध होती आणि गावालगतचे वन कागद गिरणीस देण्यास तिचा विरोध होता. २००९ मध्ये गावास सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु वाहतूक परवाना वनविभागाच्या हाती असल्याने बांबू विकता येईना. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र पाठवून बांबू गौण वनोत्पन्न मानावा असे कळविले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे येऊन त्यांनी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या यंत्रणेस सर्वत्र मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबूचा लिलाव स्वतः करू लागल्या. तोडीची मजुरी व विक्रीचे उत्पन्न गावातच येऊ लागले. त्याचबरोबर हिशेब ठेवणे, ठेकेदारांशी व्यवहार करणे व अतितोड टाळणे या जबाबदाऱ्याही ग्रामसभांवर आल्या.

पर्यावरणीय महत्त्व व आधुनिक उपयोग : बांबूच्या मुळांचे व मूलक्षोडांचे दाट जाळे माती धरून ठेवते, म्हणून ओढ्याकाठी, उतारावर व पडीक जमिनीत मृद्संधारणासाठी त्याची लागवड करतात. गवा व हत्ती यांना त्याचा चारा मिळतो. विदर्भात वास्ते म्हणून ओळखले जाणारे कोंब भाजीसाठी वापरतात. ईशान्य भारतात ते आंबवूनही खातात. जलद वाढीमुळे बांबू हवेतील कार्बन लवकर शोषतो. तथापि कांडी बेटावरच कुजली वा जळली तर हा कार्बन परत हवेत जातो. तिचा उपयोग घर, लाकूडसामान यांसारख्या टिकाऊ वस्तूंसाठी झाला तरच तो दीर्घकाळ साठून राहतो. तसेच नैसर्गिक मिश्र वन तोडून केवळ बांबूची लागवड केल्यास जैवविविधतेची हानी होते. कापलेल्या बांबूला भुंगेरे व बुरशी लवकर लागतात; पारंपरिक कारागीर तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत, आता बोरॉनयुक्त द्रावणाचा उपयोग करतात.

कागद उद्योग पुढे निलगिरी, सुबाभूळ यांसारख्या लागवडीच्या लाकडाकडे वळला आणि बांबूच्या मागणीचे स्वरूप पालटले. भरीव लाकूडफळ्या, उदबत्तीच्या काड्या, फर्निचर, कोळसा व इंधन असे उपयोग पुढे आले. आसाममधील नुमालीगढ येथे बांबूपासून एथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्याचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले. राष्ट्रीय बांबू अभियान २००६–०७ मध्ये सुरू झाले व २०१८–१९ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. महाराष्ट्रात चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळच्या परिसरात माणग्याच्या लागवडीस घरबांधणी व फर्निचर-निर्मितीची जोड मिळाली आहे. टोपल्यांची जागा प्लॅस्टिकने घेतल्यामुळे बुरूडांच्या परंपरागत व्यवसायास मात्र ओहोटी लागली असून नव्या उद्योगांचा लाभ त्यांना कितपत मिळेल, हे कच्चा माल त्यांना परवडणाऱ्या दरात मिळण्यावर अवलंबून आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून व पुढे त्याचे कायद्यात रूपांतर करून १९२७ च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळण्यात आला. त्यामुळे शेतात वा खाजगी जमिनीत लावलेला बांबू तोडण्यास व वाहून नेण्यास या कायद्याचा अडथळा राहिला नाही आणि लागवडीस चालना मिळाली. वनातील बांबू मात्र वनोत्पन्न म्हणून वनकायद्याच्या कक्षेतच राहिला. तेथे राहणाऱ्यांचा त्यावरील अधिकार २००६ च्या अधिनियमाखाली गावाचा सामूहिक दावा मान्य झाला आहे की नाही, यावर ठरतो.