बिल्ला, घंटी आणि पंचवीसचा आकडा

वडिलांची लाकडी पेटी आवरताना जुन्या रेशनकार्डाखाली तीन बिल्ले सापडले. दोन गोल, एक ढालीच्या आकाराचा. पातळ पत्र्याचे, कडेने काळवंडलेले. प्रत्येकावर ठोकून उठवलेलं साल, खाली क्रमांक आणि वरच्या टोकाला स्क्रूपुरतं भोक. आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हा काय प्रकार आहे हे सांगावं लागत नाही. तो सायकलचा बिल्ला. नगरपरिषदेत वर्षाचा कर भरायचा, पावती घ्यायची, बिल्ला हँडलखाली किंवा पुढच्या मडगार्डवर कसायचा. दर वर्षी आकार बदलायचा, म्हणजे नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला लांबूनच दिसावं की हा यंदाचा आहे की गेल्या सालचा. बिल्ला नसला की आम्ही पोरं मधल्या गल्लीने सायकल काढायचो. रात्री दिवा नसला की खाली उतरून हातात धरून चालायचो. डबलसीट सापडलो की पोलीसदादा चाकातली हवा सोडायचे आणि मग दोघांनाही घरापर्यंत पायी यावं लागायचं.

त्याच अंगणात आता पुतण्याची चार्जिंगवाली गाडी उभी असते. तिला नंबरप्लेट नाही, पावती नाही, बिल्ला नाही. सीटखालच्या पट्टीवर दोन आकडे आहेत: 250 वॉट आणि 25 किलोमीटर. ती घरी आली त्या दिवशी त्याने विचारलं, ‘‘काका, हिला लायसन लागत नाही ना?’’ लागत नाही, हे खरं. पण का लागत नाही, हे सांगायला गेलो आणि दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

रस्त्यावरच्या गाडीला नियम लावण्याची आधुनिक रीत इंग्लंडात घडली. 1865 च्या कायद्याने वाफेच्या गाडीला गावात ताशी 2 मैल आणि गावाबाहेर 4 मैलांची मर्यादा घातली, आणि गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवायला सांगितला. आज हे वाचताना हसू येतं, पण त्यामागची काळजी खरी होती. रस्ता तोवर पायी चालणाऱ्यांचा, घोड्यांचा आणि बैलांचा होता. नव्या गाडीने आपण येतोय हे त्यांना आधी कळवावं, एवढीच त्या निशाणाची मागणी होती.

मग सायकल आली. ती निशाणाच्या कायद्यात बसेना, आणि पायी चालणाऱ्यांतही मोजता येईना. प्रत्येक परगण्याने आपापले नियम केले. एका गावात चालणारी गोष्ट शेजारच्या गावात गुन्हा ठरू लागली. अखेर 1888 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने हे वेगवेगळे नियम रद्द केले आणि सायकल ही ‘गाडी’च आहे असं जाहीर केलं. तिच्यावर दोन गोष्टी बंधनकारक केल्या: अंधार पडल्यावर दिवा, आणि माणसाला किंवा घोड्याला मागे टाकताना घंटी. आपल्या सायकलींच्या दिव्याघंटीची कुळी तिथवर जाते. दोन्ही गोष्टी स्वाराच्या सोयीच्या नव्हत्या. समोरच्याला आपण दिसावं आणि मागून येताना ऐकू यावं, यासाठी त्या होत्या.

इकडे आपला वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा झाला आणि चार वर्षांनी पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. रस्ते सरळ आणि रुंद आखले, पण त्यांवरून धावायची बंडी आणि टांगा. पुढे मध्य प्रांताच्या 1922 च्या नगरपालिका कायद्याने गावच्या गाड्यांवर आणि जनावरांवर कर बसवण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. बिल्ल्याचं मूळ अशाच कायद्यांत आहे. राज्य मध्य प्रांताचं असो की पुढचं महाराष्ट्राचं, सायकल गावाचीच मानली गेली. तिचा हिशेब गावाने ठेवायचा, तिला शिस्त गावाने लावायची. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, पायी गेले. त्या वाटेवरही चालणारा माणूस हीच रस्त्याची मोजपट्टी होती.

मोटार मात्र गावाच्या हाती राहिली नाही. 1914 चा, मग 1939 चा आणि आताचा 1988 चा मोटार वाहन कायदा, तिन्ही देशभराचे. नोंदणी, परवाना, विमा हे सगळं पुढे आरटीओकडे गेलं. आपल्या जिल्ह्याची ओळख एमएच-32 झाली. रस्त्यावर तेव्हापासून दोन कुळं नांदतात. एकाचा हिशेब नगरपरिषदेत, दुसऱ्याचा आरटीओत. हळूहळू गावोगावचा सायकल-कर बंद झाला, बिल्ले पेटीत गेले, आणि गावाला आपल्या गाड्या मोजण्याची सवयच उरली नाही.

या दोन कुळांच्या मधोमध एक गाडी मात्र कायम उभी होती. स्वीडनमध्ये 1952 साली हॅराल्ड नील्सन या पत्रकाराने मोटर आणि पेडल हे शब्द जोडून ‘मोपेड’ हे नाव घडवलं. आपल्याकडे 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना आली. गुरुजी, पोस्टमन, दूधवाले, कॉलेजच्या मुली, सगळ्यांची लुना. तिला पायडल होतं आणि इंजिन पन्नास सीसीच्या आत होतं. याच पन्नासवर कायद्याने पुढे एक सवलत बांधली: सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, त्यावरच्या दुचाकींना अठरा. त्याच कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या सांगताना चारपेक्षा कमी चाकांच्या आणि पंचवीस सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला बाहेर ठेवलं आहे. छोट्या गाडीला सूट द्यायची, पण कुठेतरी रेघ मारायची, ही पद्धत तिथे पक्की झाली.

वीज आली तेव्हा सीसी मोजायला इंजिनच उरलं नाही. इथे जपानची गोष्ट सांगावी लागते. 1993 मध्ये यामाहाने ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली. स्वार पायडलवर जेवढा जोर देईल, तेवढाच मोटरने द्यायचा. ताशी 15 किलोमीटरपर्यंत बरोबरीने, मग हळूहळू कमी, आणि 24 ला मोटर बंद. म्हणून जपानने तिला सायकलच मानलं. युरोपने 2002 मध्ये आपल्या नियमात 250 वॉट आणि 25 किलोमीटर हे आकडे घातले. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तेच दिसतात: मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी, वेग 25 पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने हे तपासून दिलं, तर ती गाडी मोटार वाहन नाही. मग नोंदणी नाही, परवाना नाही, विम्याची सक्ती नाही.

हे आकडे माणसाच्या अंगावर बेतलेले आहेत. साधा माणूस निवांत पायडल मारताना शंभरेक वॉट ताकद लावतो. अडीचशे म्हणजे फार तर दोन-अडीच माणसांचे पाय. पंचवीसचा वेग म्हणजे तरणा सायकलवाला जोर लावून गाठतो तेवढा. त्याच्या आत राहणारी गाडी कायद्याच्या नजरेत अजून माणसाच्या मापाची आहे.

खरी गडबड रेघ ओलांडली की होते. आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंचवीसला बसणारी धडक पंचेचाळीसला सव्वातीन पट होते. पट्टीवर 25 लिहिलेल्या गाडीतला वेग आवरणारा कंट्रोलर बदलून ती पळवायची, हे राज्यभर इतकं वाढलं की 2022 मध्ये परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध खास मोहीम काढावी लागली. असा बदल केला त्या क्षणी ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तीही नोंदणी, परवाना, विमा काहीच नसलेली. चालवणारा अल्पवयीन असेल तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि धडक बसलेल्या माणसाला भरपाई द्यायला मागे कोणताच विमा नसतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. सवलत स्वाराला मिळते आणि तिची किंमत पायी चालणारा मोजतो.

याच कुळातली दुसरी शाखा गोल्फ कार्टची. परदेशात काही गावांनी तिला थेट रस्त्यावर आणलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत तिच्यासाठी झाडीतून वेगळ्या वाटा आहेत, आणि 1998 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ताशी 25 मैलांपर्यंतच्या अशा छोट्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग केला. आपल्याकडे तिला आपण बॅटरीवाली गाडी म्हणतो. ती मोठ्या स्थानकांच्या फलाटांवर, विमानतळांवर, मोठ्या संस्थांच्या आवारांत दिसते. त्यामागेही कायद्याची रेघ आहे. 1988 च्या व्याख्येत कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेली खास गाडी मोटार वाहन धरलेली नाही. कुंपणाच्या आत ती मोकळी. फाटकाबाहेर चाक पडलं की मात्र सगळे नियम लागू.

कुंपणाबाहेर यायला ई-रिक्षाला झगडावं लागलं. जुलै 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या ई-रिक्षा थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियम काढले आणि 2015 मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली. चार प्रवासी, 40 किलो सामान, ताशी 25 किलोमीटर. पुन्हा तोच आकडा.

आपल्या राज्यात या प्रश्नाचा कस माथेरानला लागला. 2003 मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच, पुढे घोडा, पायी, नाहीतर माणसाने ओढायची रिक्षा. असे 94 परवानाधारक रिक्षावाले होते. चढावर माणसाला माणसाने ओढायचं, हे थांबावं म्हणून त्यांनीच ई-रिक्षा मागितली. डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला, आणि 6 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ज्या खंडपीठाने तो दिला, त्याच्या अध्यक्षस्थानी आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. गावाने मोटार दूर ठेवण्याचा नियम योग्यच होता, पण त्या नियमाचा भार रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर पडत होता. बॅटरीच्या गाडीने तो उतरला. नियम कुणाच्या अंगावर बसतो ते पाहूनच तो आखावा, एवढं माथेरानकडून शिकता येतं.

आता हा प्रश्न वर्ध्याच्या दारात आहे. राज्याने 2025 मध्ये ई-बाइक टॅक्सीचं धोरण मंजूर केलं, किमान एक लाख लोकवस्तीच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत वर्धा शहर लाखाच्या किंचित पलीकडे होतं. त्या टॅक्सीला आरटीओ आहे, परवाना आहे, विमा आहे. बजाज चौकातून आर्वी नाक्याकडे जाणाऱ्या बिननंबरच्या चार्जिंगवाल्या गाडीला मात्र विचारणारं कुणी नाही. आरटीओ म्हणतं ती आमची नाही, आणि नगरपरिषद तिला मोजायचं विसरून गेली आहे.

आणि तरीही मोजण्याचा अधिकार गेलेला नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यातल्या ऐच्छिक करांच्या यादीत मोटार वाहन नसलेल्या गाड्यांवरचा कर आजही आहे. पैसा गोळा करण्यासाठी तो परत आणावा असं मी मुळीच म्हणत नाही. शेतमजुराच्या पोराने घेतलेल्या स्वस्त गाडीवर नवं ओझं नको. पण नाममात्र शुल्काचा एक बिल्ला द्यावा. देताना कंट्रोलर तपासावा, ब्रेक आणि रिफ्लेक्टर पाहावेत, गाडीच्या मालकाचं नाव वहीत लिहावं. बाजाराच्या दिवशी, शाळा सुटताना, कोणत्या रस्त्यावर गाडी हातात धरून न्यायची ते गावाने ठरवावं. सिंदी मेघेच्या शाळेसमोर काय व्हायला हवं, हे मुंबई-दिल्लीला कळणार नाही. तिथे रोज उभ्या राहणाऱ्या आईला ते कळतं.

एका रविवारी पुतण्याला घेऊन मी सायकलच्या दुकानात गेलो. ही गाडी चालताना आवाजच करत नाही. मागून येते ते कळत नाही. नियमात ब्रेक आहेत, रिफ्लेक्टर आहेत, घंटीचा शब्द नाही. दुकानदाराने जुन्या पद्धतीची अंगठ्याने वाजणारी पितळी घंटी काढली आणि हँडलला कसून दिली. सेवाग्रामच्या रस्त्याला लागताच समोर डोक्यावर भारा घेतलेली एक बाई चालत होती. पोराने घंटी वाजवली आणि वेग कमी केला. बाई मागे न बघताच थोडी कडेला झाली. तिने आवाज ओळखला होता.