देवयानी (तारकासमूह)

देवयानी हा टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांपैकी एक उत्तरेकडील तारकासमूह आहे. ग्रीक पुराणकथेत अँड्रोमेडा ही राजा सेफियस व राणी कॅसिओपिया यांची कन्या. आईच्या सौंदर्यगर्वापायी तिला समुद्रराक्षसापुढे खडकाला बांधण्यात आले. पर्सियसने तिला सोडविले. मराठीत या चौघांच्या तारकासमूहांना अनुक्रमे देवयानी, वृषपर्वा, शर्मिष्ठा व ययाती ही महाभारतातील नावे मिळाली. नाती मात्र जुळत नाहीत: महाभारतात शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची पत्नी नसून कन्या आहे.

या समूहातील देवयानी दीर्घिका (एम ३१) सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना धूसर दिसते. एडविन हबल यांना १९२३ मध्ये तिच्यात सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा आढळला व त्यावरून ती आकाशगंगेबाहेर असल्याचे सिद्ध झाले. ‘सेफीड’ हे नाव वृषपर्वा समूहातील डेल्टा ताऱ्यावरून पडले आहे.