घोड्यावाचूनची घोडदौड : स्टीपलचेसची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या कॉलेजांत जिमखान्याच्या दारात चार खेळाडू जमले की एक वाद बहुधा निघतोच : आपल्या कॉलेजचा खरा खेळ कोणता? कबड्डीवाले गर्दीकडे बोट दाखवतात. कुस्तीवाले पाटोद्याच्या राहुल आवारेचं नाव घेतात. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवणारा मल्ल या मातीतला आहे. क्रिकेटवाल्यांकडे बीडच्या सचिन धसची खेळी आहे : फेब्रुवारी २०२४मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, डाव कोसळलेला असताना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध काढलेल्या ९६ धावा. मग विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचे कलर कुणाचे जास्त, विभागीय (झोनल) स्पर्धेत कोण पुढे गेलं, याचा हिशेब निघतो. धावणाऱ्यांची पाळी या हिशेबात सगळ्यात शेवटी येते.

आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अभिमानही सगळ्यांना आहे. पण तो जी शर्यत धावतो ती कॉलेजची शर्यत आहे, असं कुणी म्हणत नाही. ती लष्कराची, ऑलिंपिकची, टीव्हीवर बघायची. तिचं कूळ शोधत गेलं तर वेगळंच निघतं. स्टीपलचेस ही कॉलेजच्या मुलांनीच काढलेली शर्यत आहे, आणि तीही कॉलेजात दुसऱ्याच खेळांचा बोलबाला असताना.

तिची पहिली पिढी घोड्यांची. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी पैज लावली : बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडा कोण आधी नेतो. अंतर सुमारे चार मैल. आखलेली वाट नव्हती. चर्चचा उंच मनोरा लांबून दिसायचा, तोच रोख धरायचा आणि मध्ये येतील ती कुंपणं, दगडी बांध, ओढे ओलांडायचे. मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात. शर्यतीला नाव तिथून मिळालं. आजच्या शर्यतीतले लाकडी अडथळे म्हणजे ते शेताचे बांध, आणि पाण्याचा खड्डा म्हणजे तो ओढा.

घोडा सुटला तो ऑक्सफर्डला. त्या विद्यापीठात कोणत्या खेळाला मान होता, हे तारखांवरूनच कळतं. केंब्रिजशी क्रिकेटचा पहिला सामना १८२७ साली झाला, नौकांची पहिली शर्यत १८२९ साली. पायी धावण्याला तिथे जागाच नव्हती. श्रीमंत घरची मुलं भाड्याचे घोडे घेऊन रानातून शर्यती लावत. १८५०मध्ये अशाच एका शर्यतीनंतर एक्झिटर कॉलेजच्या मुलांची बैठक जमली. हॅलिफॅक्स वायट नावाच्या विद्यार्थ्याचा घोडा त्या दिवशी अडखळून पडला होता. वैतागून तो म्हणाला, असल्या जनावरावर बसण्यापेक्षा हे अंतर मी पायी पळेन. सोबत्यांनी त्याचं बोलणं उचलून धरलं. बिन्सी गावाजवळच्या दलदलीच्या शेतात दोन मैलांची, चोवीस अडथळ्यांची पायी शर्यत आखली गेली, आणि ती जिंकली वायटनेच. एक्झिटर कॉलेजची धावण्याची परंपरा तिथून सुरू झाली. पुढे इतर कॉलेजांनी ती उचलली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली मैदानी स्पर्धा मात्र १८६४ साली झाली. म्हणजे क्रिकेटच्या पंक्तीला बसायला धावणाऱ्यांना सदतीस वर्षं थांबावं लागलं.

या शर्यतीला शिस्त लागायलाही फार काळ गेला. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिची दोन अंतरं होती : अडीच हजार आणि चार हजार मीटर. १९०८ला लंडनमध्ये ती ३२०० मीटरची झाली. १९२०पासून ३००० मीटर ठरले, तरी १९३२ला लॉस एंजेलिसमध्ये फेऱ्या मोजणाऱ्याची चूक झाली आणि धावपटू एक अख्खी फेरी जास्त पळाले. फिनलंडच्या व्होल्मारी इसो-होलोला सुवर्णपदकासाठी सुमारे ३४६० मीटर धावावं लागलं. अडथळ्यांचे पक्के नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५४ साली केले. आज शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, स्त्रियांचा ७६.२. हर्डल्सच्या शर्यतीत धक्का लागला की अडथळा आडवा होतो. इथला ऐंशी ते शंभर किलोचा, तो हलत नाही. धडक बसली तर धावणारा पडतो. म्हणून त्यावर पाय ठेवायची मुभा आहे. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक जण वरच्या फळीवर पाऊल टेकवून पुढे झेप घेतात, कारण खड्डा ३.६६ मीटर लांब असतो आणि अडथळ्याजवळ सर्वांत खोल. जितकी उडी लांब, तितकं पाणी उथळ.

ही शर्यत महाराष्ट्रात रुजली ती दुष्काळी पट्ट्यात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ला पी. टी. उषा धावल्यानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली.

साबळे मांडव्याच्या शेतकरी कुटुंबातला. शाळा सहा किलोमीटर लांब, जाणं-येणं पायीच. बारावीनंतर तो लष्करात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनला राहिला. स्टीपलचेसशी त्याची गाठ पडली ती लष्करातच, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता अवघ्या पाच शतांश सेकंदाने. १९९८पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. ती साखळी मांडव्याच्या मुलाने तोडली. २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंद, आणि त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

एवढा धावपटू जिल्ह्याने दिला, पण त्याला त्याची शर्यत गाव सोडल्यावर सापडली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बीडच्या मैदानांवर पहाटे गर्दी असते ती धावणाऱ्यांचीच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, लष्कराच्या भरतीतही धाव असते. कोरडवाहू शेतीच्या आणि ऊसतोडीच्या या जिल्ह्यात धावणं हा नोकरीचा रस्ता आहे. इतकी मुलं रोज पळतात, आणि तरी कॉलेजच्या खेळांच्या उतरंडीत धावणं तळाशीच. कारण उतरंड ठरवतात प्रेक्षक. कबड्डीच्या मैदानाभोवती कडं करून उभं राहता येतं. बारा मिनिटं एकटाच गोल फिरणाऱ्याला बघायला कोण थांबणार? ऑक्सफर्डलाही अगदी हेच होतं. तिथे जे बदललं ते प्रेक्षकांमुळे बदललं नाही. काही मुलांनी आपल्या कॉलेजच्या नावाने शर्यत लावली, म्हणून बदललं.

हे आपल्याकडेही होऊ शकतं. आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धांमध्ये स्टीपलचेस आहेच. सिंथेटिक ट्रॅकची वाट बघत बसायची गरज नाही. गावातला सुतार चार भक्कम अडथळे मापानुसार करून देईल, पाण्याची उडी मातीत खणलेल्या चरावर शिकता येईल. एक्झिटरच्या मुलांकडे तर चिखलाच्या शेतापलीकडे काहीच नव्हतं. भरतीसाठी १६०० मीटर पळणाऱ्या शंभर मुलामुलींपुढे हे अडथळे ठेवले, तर त्यांच्यातल्या एखाद्याला आपली शर्यत विसाव्या वर्षी इथेच सापडेल, पंचविशीत परमुलखात नव्हे. कॉलेजचा खरा खेळ कोणता, हा वाद खुशाल चालू द्यावा. कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांचा मान रास्तच आहे. पण खेळाचं मोठेपण मोजताना गर्दीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या मैदानावर रोज घाम गाळणाऱ्या किती मुलांना हा खेळ पुढे नेऊ शकतो? त्या मापाने बीडमध्ये धावणं पहिलं येतं, आणि स्टीपलचेसला तिथल्या प्रत्येक कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत हक्काची जागा मिळायला हवी.