तिसरा अंक

आमच्या आईने आयुष्यात पुष्कळ नाटके पाहिली. पण त्यांतल्या निम्म्याअधिक नाटकांचा शेवट तिला ठाऊक नव्हता. यात तिच्या रसिकतेचा दोष नाही. दोष असलाच तर रेल्वेच्या वेळापत्रकाचा. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला, बिऱ्हाड बोईसरला आणि नाटके दादरला. बोईसर चर्चगेटपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. दुपारचे नाटक धरले, तरी दुसरा अंक संपता संपता वडील खिशातून घड्याळ काढीत आणि आई पदर सावरून उठे. तिसरा अंक शिवाजी मंदिरात चाले, तेव्हा ही दोघे फलाटावर उभी असत. मग विरार मागे पडून खाडीचा वारा लागेपर्यंत त्या नाटकाचे पुढे काय झाले असेल यावर दोघांचा वाद रंगे. अशी कितीतरी नाटके आमच्या घरात दोन-दोन शेवट घेऊन नांदत होती. एक आईचा, एक वडिलांचा.

गेल्या भाऊबीजेला आम्ही घरीच नाटक लावले आणि त्यातला एक शेवट निकालात निघाला. त्या संध्याकाळची हकिकत सांगण्याआधी मात्र थोडे मागे जायला हवे. कारण नाटक घरी येणे ही इंटरनेटची करामत आहे असे आमची मुले समजतात; आणि इतिहास पाहिला तर नाटक आधी घरीच होते, ते घराबाहेर गेले ही नवलाची गोष्ट.

आमच्याच पालघर जिल्ह्यात याचा पुरावा आहे. जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. पण जव्हार-मोखाड्याचा बोहाडा त्याहून किती जुना, हे कोणी सांगावे! होळीच्या पुढेमागे गावागावांत रात्रीच्या रात्री हा सोहळा चालतो. संबळ आणि पिपाणी वाजू लागली, की मुखवटे चढवलेली सोंगे गावाच्या वाटेवरून नाचत येतात. आधी गणपती, मग सरस्वती, पुढे रामायण-महाभारतातले देव आणि दैत्य, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांची लढाई. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा वारसा चालत आलेला आहे. तिथे तिकीट नाही, खुर्ची नाही आणि पडदाही नाही. उंबऱ्यावर बसलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर झोपलेले नातवंड, दोघेही प्रेक्षकच.

मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ चा मानतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेवरून विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. प्रेरणा होती ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची. तो पहिला प्रयोग राजाच्या आश्रयाने, निमंत्रितांपुढे झाला. म्हणजे एका परीने तोही घरचाच कार्यक्रम. त्यातही प्रारंभी गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती! सांगलीचा राजवाडा आणि मोखाड्याचा पाडा यांच्यात अंतर कितीही असो, नाटकाला आरंभ कोणाच्या पायावर डोके ठेवून करायचा याबद्दल दोघांचे एकमत होते.

राजाश्रय आटला तसे नाटक पोटासाठी प्रवासाला निघाले. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिचे खेळ झाले. त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. नाटक आणि रेल्वे यांची सोयरीक अशी एकाच सालातली! पुढे लोहमार्ग पसरले आणि नाटक कंपन्या आपले पडदे, पेट्या, आचारी आणि तबलजी घेऊन गावोगाव फिरू लागल्या. रेल्वेने नाटक आपल्या गावाच्या जवळ आणले हे खरे. पण तिकिटाची खिडकी आली आणि नाटक उंबऱ्यापासून दूर गेले, हेही तितकेच खरे.

दूर गेले ते विशेषतः बायकांपासून. त्या काळी घरंदाज बायकांनी नाटकाला जाणे शिष्टसंमत नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्याच सुमारास, पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुरुष मंडळी रात्र जागवून पहाटे घरी येत. त्यांच्या खिशात एक बारीकसे पुस्तक असे, नाटकातल्या पद्यांचे. घरातल्या बायकांनी ते वाचावे, चाल ऐकून ऐकून बसवावी आणि भाजी निवडताना गुणगुणावी, एवढेच नाटक त्यांच्या वाट्याला. नाटके रात्रभर चालत असल्याने परतीच्या गाडीचा प्रश्न मात्र तेव्हा नव्हता. नाटक संपले की उजाडलेलेच असे! आमच्या आईचा जन्म त्या काळी झाला असता, तर तिला तिसऱ्या अंकासाठी तळमळावे लागले नसते. पहिलाच अंक मिळाला नसता.

याच सुमारास तिकडे पॅरिसमध्ये एक चमत्कार घडत होता. १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर नावाच्या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना टेलिफोनचे ध्वनिग्राहक बसवले आणि तारेने तो आवाज प्रदर्शनाच्या जागी नेला. दोन कानांना दोन नळ्या लावल्या, की गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेलेला ऐकणाऱ्यास कळे! १८९० मध्ये तिथे यासाठी कंपनी निघाली आणि वर्गणीदारांना दिवाणखान्यात बसून ऑपेरा ऐकू येऊ लागला. रेडिओने गिळंकृत करीपर्यंत, म्हणजे १९३२ पर्यंत, ती व्यवस्था टिकली. घरी बसून चालू नाटक ऐकण्याचा मान या ‘थिएट्रोफोन’चा आहे. आपण आज जे करतो, त्याचा हा खापरपणजोबा.

आपल्याकडे ही तार आली नाही. आली ती तबकडी. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि काही वर्षांतच नाट्यगीते तव्यांवर उतरली. त्या तव्याची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत अर्धा तास फुलणारे पद तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे हत्तीला पाटावर बसवण्यापैकीच! तरीही बसवले. बालगंधर्वांचा स्वर ज्या घरांनी कधी नाटकगृहाचे दार पाहिले नाही, त्या घरांत चावीच्या पेटीतून पोहोचला. मग २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि यथावकाश ‘श्रुतिका’ हा नवा नाट्यप्रकार मराठीला मिळाला. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, पण त्यांच्या घरात कुठे काय ठेवलेले असते, हे आमच्या आईला पाठ होते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी आमच्यापर्यंत येईतो दमून जात. उंच बांबूला अँटेना बांधायची, एकाने गच्चीवर ती फिरवायची आणि खालून दुसऱ्याने ओरडायचे, ‘आले, आले! गेले!’ चित्रापेक्षा मुंग्याच अधिक. तरी ‘चिमणराव’ लागला की शेजारची मंडळी आमच्या खोलीत दाटीवाटीने बसत. घर पुन्हा एकदा नाटकगृह झाले होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

रेल्वेनेही आपले देणे फेडले, पण उशिरा. १६ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे त्या पहिल्या आगगाडीला बरोबर १६० वर्षे झाली त्या दिवशी, विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या. वडील त्याआधीच गेले होते आणि आईचे गुडघे जिना चढायला तयार नव्हते.

मग आले २०२०. मार्चच्या मध्याला महाराष्ट्रातली नाट्यगृहे करोनामुळे बंद झाली. एप्रिलच्या आरंभी लंडनच्या नॅशनल थिएटरने आपल्या चित्रित नाटकांचे दर आठवड्याला एक, असे घरोघर प्रक्षेपण चालू केले. मराठीत हृषीकेश जोशी यांनी ‘नेटक’ नाव देऊन ‘मोगरा’ हे नाटक इंटरनेटवरून सादर केले. नट आपापल्या घरी आणि प्रेक्षकही आपापल्या घरी, असा तो प्रयोग. निम्म्या आसनांवर नाट्यगृहे उघडण्यास परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून. तो मराठी रंगभूमी दिनच होता. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. या काळात पडद्यामागच्या कामगारांचे जे हाल झाले ते आठवले, की घरबसल्या नाटक पाहणाराने आपल्या सुखाचा हिशेब एकदा तपासून घ्यावा असे वाटते.

तो हिशेब आमच्या घरी आईनेच तपासला. भाऊबीजेला बहीण, भावजी, मुले, अशी सारी मंडळी जमणार होती. भाच्याने मोबाईलवर एका जुन्या नाटकाचे चित्रण शोधून काढले. आजी आणि सहा वर्षांची नात शेजारी बसून पाहू शकतील, असे ते कौटुंबिक नाटक. नाव मुद्दामच सांगत नाही; ज्यांनी पाहिले नाही त्यांचा शेवट मी का बिघडवू? भाचा म्हणाला, “कोणीतरी चोरून चढवलेलं फुकट मिळतंय, मामा.” आई आतून म्हणाली, “फुकट नाटक बघायचं नसतं रे. त्यांची पोटं त्यावर असतात. तिकीट काढ.” रीतसर पैसे भरून पाहण्याची सोय होतीच. रक्कम साऱ्या घराला मिळून एकाच खुर्चीइतकी निघाली, तेव्हा आईला ते अन्यायाचे वाटले. तिने सगळ्यांकडून वर्गणी काढली आणि पुढच्या महिन्यात बोरिवलीला खरे नाटक पाहण्यासाठी ती डब्यात घालून ठेवली.

टीव्ही भिंतीवरचाच, पण खोलीतले दिवे मालवले, पुढे सतरंजी, मागे खुर्च्या आणि मधली खुर्ची आईची. मोबाईल सगळ्यांचे एका परडीत जमा. भाचीने देवघरातली घंटा आणून तीन वेळा वाजवली. मध्यंतराला बटाटेवडे ठरलेले, कारण वड्याशिवाय नाटक पाहिले तर ते लागू पडत नाही! शेजारचे गृहस्थ जव्हारकडचे. त्यांना सहकुटुंब बोलावले होते. आमची ही सारी मांडामांड पाहून ते हसून म्हणाले, “आमच्याकडं सोंगं दारात येतात, तुमच्याकडं भिंतीत आलीत.”

दुसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी, नायिका दाराकडे वळते न वळते तोच, चित्र थबकले आणि पडद्यावर चक्र फिरू लागले. भाचा धावला, तारा हलवल्या, परडीतला मोबाईल काढून त्यावरचे इंटरनेट जोडण्याची खटपट सुरू झाली. आई शांत होती. म्हणाली, “सिग्नल नसेल. इथं गाडी नेहमीच थांबते.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आम्ही इथंच उठलो होतो.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की हे नाटक तिने पाहिलेले आहे. दोन अंक. वडिलांबरोबर.

चक्र थांबले, चित्र पुढे सरकले आणि तिसरा अंक सुरू झाला. नात मांडीवर केव्हाच झोपली होती. आई पुढे झुकून पाहत होती. ऐकायचे यंत्र तिने दोनदा कानात नीट बसवले. ज्या माणसाने घर सोडले होते तो परत येतो की नाही, हा नाटकाचा प्रश्न. तो आला. टाळ्या झाल्या, नाट्यगृहातल्या तिथल्या आणि सतरंजीवरच्या आमच्या. आमच्या टाळ्या त्या नटाला कधी ऐकू जाणार नाहीत, हे घरच्या नाटकाचे मोठेच उणे. त्यासाठी बोरिवलीचा डबा आहे.

दिवे लागले. आईने डोळे पुसले नाहीत, की काही विशेष बोललीही नाही. जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे तो येतो तर. तुझे बाबा म्हणायचे, येणार. पालघर येईपर्यंत मी भांडले होते, की असली माणसं येत नसतात.”

मग तिने उरलेले वडे शेजाऱ्यांच्या मुलांना कागदात बांधून द्यायला सांगितले आणि भाच्याला विचारले, “त्यात आणखी कुठली जुनी नाटकं आहेत बघ. माझी बरीच राहिली आहेत.”