करदाते आणि कमिशनर : मुंबईचें एक जुनें भांडण



नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत स्थानिक स्वराज्याचा आरंभ बहुधा लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून केलेला असतो. परीक्षेच्या सोयीसाठीं तें ठीक आहे. परंतु मुंबईची कथा त्याहून जुनी असून ती सरकारी ठरावांतून नव्हे, तर करदात्यांच्या संतापांतून निघालेली आहे.

१८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' ही पदवी धारण करणाऱ्या गृहस्थांच्या मंडळाकडे सोंपविला. हे गृहस्थ सरकारनें नेमलेले. त्यांना निवडण्याचा वा काढण्याचा अधिकार नागरिकांना नव्हता. प्रत्यक्ष सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं, आणि त्याचीहि नेमणूक सरकारच करी. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे कर्तबगार. त्यांनीं रस्ते व गटारें यांच्या कामाला जोर दिला, आरोग्यखात्याला शिस्त लावली, आणि आपण आज महात्मा फुले मंडई म्हणतों तें मार्केट १८६९ सालीं उभें केलें. शहर स्वच्छ झालें, हें विरोधकांनाहि नाकारतां येईना.

पण पैसा! अमेरिकेंतील यादवी थांबतांच १८६५ सालीं कापसाचा भाव कोसळला, शेअरांचा फुगा फुटला आणि भल्याभल्या पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. नेमक्या त्याच काळांत म्युनिसिपालिटीचा खर्च व कर्ज वाढत गेलें, आणि करांचा बोजा जाचूं लागला. हिशेब तपासणें हें ज्यांचें काम, त्या जस्टिस मंडळींपैकीं बहुतेकांनीं तिकडे लक्षच दिलें नाहीं. अखेर १८७१ सालीं करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे निर्भीड पुढारी त्यांना लाभले. कमिशनरची एकतंत्री सत्ता मोडून काढा, असा एकच घोष सुरू झाला.

या गदारोळांत, नोव्हेंबर १८७१ मध्यें, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरनें एक निबंध वाचला. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. त्यांचें म्हणणें सभेला मुळींच रुचलें नाहीं. काम करणारा अधिकारी एकच असावा व जबाबदारीहि त्याच्या एकट्यावर असावी, असें त्यांनीं क्रॉफर्ड यांची बाजू घेऊन ठांसून सांगितलें. दोष कमिशनरच्या अधिकारांत नसून त्याच्यावर देखरेख करणाऱ्यांत आहे. ही देखरेख सरकारनियुक्त गृहस्थांकडून होणार नाहीं. ज्यांचा पैसा खर्चावयाचा त्यांनींच आपले प्रतिनिधी निवडून धाडावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या मतें त्या साऱ्या वादांत रोगाचें खरें निदान याच तरुणानें केलें. भरलेल्या सभेला न आवडणारें सत्य सांगणें सोपें नसतें, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें.

१८७२ चा कायदा पुष्कळसा याच धोरणाचा झाला. चौसष्ट सभासदांपैकीं बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे, सोळा जस्टिसांनीं आणि सोळा सरकारनें नेमावयाचे. पहिली निवडणूक १८७३ सालीं झाली. तथापि मत कोणाला? वर्षाकांठीं निदान पन्नास रुपये कर देणाऱ्याला! १८७२ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली होती. चाळींतला भाडेकरू आपल्या भाड्यांतून घरमालकाचा कर भरून देई, परंतु करदाता म्हणून त्याची गणना नव्हती. १८८८ च्या कायद्यानें सभासद बहात्तर झाले, तरी कमिशनर सरकारचाच राहिला. (त्याच सालीं क्रॉफर्डसाहेब पुण्याकडे लांचलुचपतीच्या चौकशींत सांपडले व पुढें नोकरीला मुकले, पण ती कथा वेगळी.) दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्यास मत मिळण्यास १९२२ साल उजाडावें लागलें, आणि सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांनीं पहिली निवडणूक झाली ती १९४८ सालीं.

मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या २२७ निर्वाचित सभासदांची मुदत संपली. नवी निवडणूक वेळेवर झाली नाहीं, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. अंदाजपत्रक मांडणारा कमिशनर आणि तें मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ति होती. १८७१ सालीं करदात्यांनीं सभा गाजविल्या होत्या. या वेळीं वाद मुख्यत्वें न्यायालयांत चालला, आणि म्युनिसिपालिटीचीं बिलें मात्र नेमानें येत राहिलीं.