ई-लर्निंग प्रणाली विद्यापीठे कशी निवडतात? नियम, निविदा आणि दिल्लीचा अनुभव

नवी दिल्ली : विद्यापीठासाठी ई-लर्निंग प्रणाली घेणे ही वरकरणी संगणक विभागाची खरेदी वाटते. प्रत्यक्षात व्याख्यान, गृहपाठ, उपस्थिती, परीक्षा आणि गुण हे सारे ज्या व्यवस्थेतून जाणार, तिचीच ही निवड असते. ती चुकली तर त्याची झळ प्रथम विद्यार्थ्याला बसते. केंद्रीय विद्यापीठे, नियामक संस्था आणि मुक्त शिक्षणाची मोठी केंद्रे एकाच परिसरात असल्यामुळे ही निवड कशी होते, हे समजून घेण्यास राजधानी दिल्लीचे उदाहरण उपयुक्त ठरते.

प्रणाली म्हणजे काय?

अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच ‘एलएमएस’, ही अभ्यासक्रमाची साधने साठवते, विद्यार्थ्यांची नोंद ठेवते, चाचण्या घेते आणि गुण नोंदवते. दृकश्राव्य बैठकीचे साधन किंवा प्रवेश व शुल्काचे प्रशासकीय संगणकीकरण या वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ ही व्यवस्था प्रशासकीय कामकाजासाठी आहे. या तिन्हींमधील माहितीची देवाणघेवाण सुरळीत होईल का, हा निवड समितीसमोरचा पहिला प्रश्न असतो.

नियमांची चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त व दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीचे विनियम ४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित झाले. ऑनलाइन अभ्यासक्रमात ई-पाठ, वाचन साहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन हे चार घटक अपेक्षित असतात. निवडलेल्या प्रणालीत या चारही घटकांची सोय असावी लागते. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाची मांडणीही याच घटकांवर आधारलेली आहे. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठे एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून मान्य करू शकतात. त्यामुळे बाहेर मिळवलेल्या श्रेयांकांची नोंद घेण्याची क्षमता हाही निवडीचा निकष ठरतो.

खासगी कंपनीचा सहभाग कोठे थांबतो, हेही ठरलेले आहे. कंपनीकडून तांत्रिक सेवा घेता येते. मात्र ‘फ्रँचायझी’ पद्धतीने अभ्यासक्रम चालवण्यास मनाई असल्याचे आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

मुक्तस्रोत की सशुल्क?

निवडीचे दोन ठळक मार्ग आहेत. पहिला मुक्तस्रोत प्रणालीचा. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी विकसित केलेली आणि २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘मूडल’ हे त्याचे परिचित उदाहरण. दिल्ली आणि मुंबई येथील आयआयटी ती वापरतात. तिला परवाना शुल्क नाही. मात्र सर्व्हर, सुरक्षा, अद्ययावतीकरण आणि जाणकार कर्मचारी यांचा खर्च संस्थेवर येतो. दुसरा मार्ग कंपनीची सशुल्क सेवा घेण्याचा. त्यात उभारणी लवकर होते, पण अवलंबित्व वाढते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणाने सरकारी यंत्रणांमध्ये मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली आहे.

निविदा प्रक्रिया

सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या खरेदीवर सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांचे नियंत्रण असते. गुंतागुंतीच्या खरेदीत तांत्रिक आणि आर्थिक प्रस्ताव स्वतंत्र लिफाफ्यांत मागवता येतात. तांत्रिक कसोटीवर उतरलेल्यांचाच आर्थिक प्रस्ताव उघडला जातो. म्हणूनच तांत्रिक अटी किती नेमक्या लिहिल्या आहेत, यावर निवडीचा दर्जा अवलंबून असतो. अटी मोघम असतील, तर सर्वांत कमी दराची निविदा पुढे सरकते आणि उणिवा वापर सुरू झाल्यावर उघड होतात.

२०२० चा धडा

कागदावरची क्षमता आणि परीक्षेच्या दिवसाची क्षमता यांतील अंतर दिल्ली विद्यापीठाने करोनाकाळात अनुभवले. अंतिम वर्षाच्या ऑनलाइन पुस्तकसह परीक्षेपूर्वी जुलै २०२० मध्ये झालेल्या सराव चाचण्यांत विद्यार्थ्यांना पोर्टलवर अडचणी आल्या. परीक्षा पुढे ढकलावी लागली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या वतीने ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संस्थाही न्यायालयात होती. न्यायालयाने ७ ऑगस्ट रोजी परीक्षेला अनुमती दिली. मात्र उत्तरपत्रिका अपलोड करण्यासाठी जादा वेळ, ती मिळाल्याची ई-मेल पोच आणि तक्रार निवारणाची व्यवस्था अशा अटी घातल्या. १० ऑगस्टपासून परीक्षा झाली.

या अटी वस्तुतः प्रणाली घेतानाच विचारावयाच्या प्रश्नांची यादी आहेत. एकाच वेळी हजारो विद्यार्थी आले तर ती टिकेल का? जोडणी तुटल्यास लिहिलेले जतन होईल का? साध्या मोबाइलवर चालेल का? दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला पडद्यावरील प्रत्येक बटण वाचता येईल का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे ही शेवटची बाब सवलतीची नसून हक्काची आहे. ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक त्यासाठी मोजपट्टी पुरवते. देवनागरीतील मजकूर, शोध आणि उत्तरलेखन यांचीही चाचणी भारतीय भाषांतील विद्यार्थ्यांसाठी तितकीच आवश्यक आहे.

बाहेर पडण्याची वाट

आज मोफत असलेली सेवा उद्या तशीच राहील, याची हमी नसते. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेसाठी १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा २०२१ मध्ये जाहीर केली. ‘एडमोडो’ हा शैक्षणिक मंच २०२२ मध्ये बंदच झाला. त्यामुळे अभ्यासक्रम, गुण आणि नोंदी प्रचलित स्वरूपात परत मिळतील, ही अट करारात असणे महत्त्वाचे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली, तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच राहते.

अंतिम निर्णय समितीचा असला तरी खरी परीक्षा प्रायोगिक वापरातच होते. काही विभागांत एक सत्र प्रणाली चालवून, शिक्षक, ग्रामीण भागातून जोडले जाणारे विद्यार्थी आणि दिव्यांग विद्यार्थी यांचे अनुभव गुणांकनात धरले, तर खरेदीनंतरचे बरेच वाद टळू शकतात. सर्वांत दुबळ्या जोडणीवरचा विद्यार्थी जेथे उत्तरपत्रिका वेळेत सादर करू शकतो, ती प्रणाली इतरांनाही पुरेशी ठरते.