गोल्जींची जाळी

आठवीत असताना आमच्या शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. उजवा डोळा झाकून समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायला त्यांनी सांगितले आणि मी गप्प उभा राहिलो. अक्षरांच्या जागी नुसते धुके होते. तोवर हे मलाही ठाऊक नव्हते, कारण उजवा डोळा दोघांचे काम करीत होता. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, ‘‘डोळा निरोगी आहे. मेंदूच त्याच्याकडून पाहायला शिकला नाही. चार-पाच वर्षांचा असताना आणायला हवा होता. आता उशीर झाला.’’ परतताना एसटीत वडील एक शब्दही बोलले नाहीत.

उशीर झाला म्हणजे मेंदूत नेमके काय झाले? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा सव्वाशे वर्षांहून मागे, इटलीत जातो.

कामिल्लो गोल्जी हे असाध्य रोग्यांच्या एका इस्पितळात डॉक्टर होते. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी आपली छोटी प्रयोगशाळा थाटली होती. 1873 मध्ये त्यांनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला. हजारोंतल्या मोजक्याच चेतापेशी काळ्याभोर रंगल्या, पण ज्या रंगल्या त्या फांद्यांसकट. मेंदूतली पेशी अशी संपूर्ण दिसण्याची ती पहिली वेळ. पुढे पाविया विद्यापीठात काम करताना, 1890 च्या दशकात, त्यांना काही पेशींभोवती एक नाजूक जाळीदार वेष्टन दिसले. विजेच्या तारेवर रबर असते तसे हे पेशीचे निरोधक आवरण असावे, असा त्यांचा तर्क होता.

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांना तो मान्य नव्हता. काहाल गोल्जींचीच पद्धत वापरत, पण निष्कर्ष उलटे काढत. मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असे गोल्जी म्हणत. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, असे काहाल म्हणत. पेशीभोवतीची ती जाळी तर काहालांनी मोडीतच काढली. नमुना टिकवायच्या रसायनांनी पेशीबाहेरचा द्राव गोठतो, तोच जाळीसारखा दिसतो, असे त्यांचे म्हणणे.

1906 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोल्जींनी स्टॉकहोमच्या व्यासपीठावरूनही काहालांच्या सिद्धांतावर टीका केली. मोठ्या वादात काहाल बरोबर ठरले. गोल्जींचे एकसंध जाळे गेले आणि त्याबरोबर ही जाळीही मागे पडली. काहींनी नंतरही तिची वर्णने केली, पण मुख्य प्रवाहाने तिकडे पाठ फिरवली. माणूस एका बाबतीत चुकला की त्याचे खरेही खोट्यात जमा होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवण्याच्या नव्या पद्धती आल्या. विस्टेरिया नावाच्या वेलीच्या बियांतले एक प्रथिन ठरावीक शर्करांना चिकटते. ते वापरल्यावर जाळी स्पष्ट उमटली. ती प्रथिने आणि लांबलचक शर्करांची होती, साधारण आपल्या कूर्चेत असतात तशाच द्रव्यांची. मेंदूच्या बाह्यपटलात ती विशेषतः इतरांना आवर घालणाऱ्या, वेगाने संदेश सोडणाऱ्या पेशींभोवती असते. तिच्या छिद्रांतून दुसऱ्या पेशींचे सांधे आत येतात. ती जन्मानंतर हळूहळू विणली जाते. प्राणी अंधारात वाढवला तर विणकाम लांबते.

इथे माझ्या डोळ्याचा संबंध येतो. 1960 च्या दशकात ह्युबेल आणि वीझेल यांनी दाखवले होते, की मांजरीच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला तर मेंदू त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देतो. मोठ्या मांजरात तसे घडत नाही. 1981 मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. 2002 मध्ये पिसा येथील संशोधकांनी केंब्रिजच्या जेम्स फॉसेट यांच्या साथीने प्रौढ उंदरांच्या मेंदूतली जाळी एका विकराने विरघळवली. तो प्रौढ मेंदू पुन्हा पिलासारखा बदलू लागला. 2006 मध्ये त्याच पद्धतीने आळशी डोळ्याच्या उंदरांची दृष्टी सुधारली. हे वाचताना माझा हात आपसूक डाव्या डोळ्याकडे गेला.

पण जाळी काही शत्रू नव्हे. 2009 मध्ये बाझेलच्या संशोधकांना दिसले, की भीतीच्या आठवणी पुसल्या जाऊ नयेत म्हणून हीच जाळी राखण करते. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, काही भागांत ती कमी आढळली. हे कारण की परिणाम, ते ठरलेले नाही. 2018 मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगात दिसले, की मेंदूतली गाठ ही जाळी कुरतडते. मग आवर घालणाऱ्या पेशी मंदावतात आणि झटके येतात. जाळीमुळे पेशीच्या पटलाची विद्युतभार साठवण्याची क्षमता कमी राहते, म्हणून पेशी वेगाने काम करू शकते. म्हणजे गोल्जींच्या निरोधक आवरणाच्या तर्कात तथ्य होते!

माणसाच्या मेंदूतली जाळी विरघळवून डोळा सुधारण्याचा उपचार आज उपलब्ध नाही. एक दार उघडताना शेजारची कुलपेही निघतील, ही धास्ती आहेच. खात्रीचा उपाय जुनाच: लहानपणी तपासणी, गरजेप्रमाणे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही त्याने सुधारणा होऊ शकते, हे आता दिसले आहे. पण जितक्या लवकर, तितके बरे. माझ्या नातीचे डोळे आम्ही तिसऱ्या वर्षीच तपासून घेतले.

वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिले, की आपलीच चूक झाली. जी उणीव मुलाला स्वतःला कळली नाही, ती बापाला कशी कळणार? एवढे एक वाक्य त्यांना सांगायचे राहून गेले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)